दिसणारही नाही असं कानातलं

टण्ण!

डब्याचं झाकण ओट्यावरून निसटलं, फरशीवर आपटलं आणि जागच्या जागी गरागरा फिरू लागलं. झाकणांची ही खोडच असते. पडायचं तर पडून गप्प राहावं, तसं नाही. आधी घूंघूं, मग झणझण, आणि शेवटी तर घाईघाईने टकटकटकटक, जणू सगळ्या घराला उठवल्याशिवाय जिवाला चैन नाही. इवलीच्या आईने धावत जाऊन त्याच्यावर पाय ठेवला आणि श्वास रोखून आतल्या खोलीकडे बघितलं.

इवली नुकतीच झोपली होती. शाळेतून आल्यावर ती जेवढी झोपेल तेवढाच वेळ तिच्या आईचा. लहान मुलांच्या कपड्यांचे साचे संगणकावर आखायचे आणि एका शिवणकारखान्याला पाठवायचे, हे तिचं घरबसल्याचं काम. फ्रॉकची बाही अर्धी व्हायची, खिसा कुठे लावावा याचा विचार मनात घोळत असायचा, आणि तेवढ्यात लेक डोळे चोळत येऊन मांडीवर बसायची. मग बाही तशीच लोंबकळत राहायची.

आत इवली कुशीवर वळली. पलीकडून सासूबाईंनी विचारलं, "काय पाडलंस गं?"

"झाकण, माई!"

"मला वाटलं छत!"

ज्यांनी मान वर केली नाही असे घरात एकटे सासरे. ओटा आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये भिंत नव्हतीच. खिडकीपाशी, अगदी हाताच्या अंतरावर, अप्पा एक जुनी शिलाई मशीन उघडून बसले होते. झाकण त्यांच्या खुर्चीच्या पायाला घासून गेलं, तरी त्यांचा पेचकस आपला फिरतोच आहे.

काय ही तंद्री, म्हणून सुनेला कौतुकच वाटलं. अप्पांनी सारा जन्म शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात घालवला होता. मशीनला ते 'बाई' म्हणत. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की हात वर करून त्याला थांबवायचे. "तुम्ही थांबा जरा. बाई काय म्हणतेय ते ऐकू द्या." मग चाक फिरवायचं, कान अगदी जवळ न्यायचा आणि डोळे मिटून निदान करायचं, शटल घासतंय, पट्टा सैल झालाय, कुणीतरी भलतंच तेल घातलंय. हल्ली मात्र ते कान जवळ नेत नसत. मशीनवर तळहात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. सुनेने ते बघितलं होतं. वयाबरोबर माया वाढली, एवढाच तिने त्याचा अर्थ लावला होता.

अप्पांबद्दल घरात एक वाक्य कायमचं ठरलेलं होतं. अप्पा कुणाचं ऐकत नाहीत. डॉक्टरकडे चला, ऐकत नाहीत. दिवा लावून काम करा, ऐकत नाहीत. तिचा नवरा कामावर जाताना हेच म्हणायचा आणि आल्यावरही हेच. माई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "जन्मभर मशिनींचं ऐकलं ह्यांनी. बायकोचं तेवढं ऐकायचं राहिलं!"

ती संगणकाशी बसली. घरात सगळ्यांना मिळून तो एकच संगणक, आणि त्यावर जो तो तिच्याच नावाने सगळं उघडायचा. कॉलरचे नमुने बघायला तिने एक पान उघडलं, तर नमुन्यांच्या शेजारी चांदीसारख्या केसांचा एक देखणा म्हातारा खदखदून हसत होता. खाली ठळक अक्षरं होती, 'नवं कानातलं यंत्र! कुणाला दिसणारही नाही, कुणाला कळणारही नाही!'

दुसरं पान उघडलं, तिथेही तोच म्हातारा. बटणांच्या पानावर म्हातारा, हवामानाच्या पानावर म्हातारा. कालपासून हा गृहस्थ तिच्या पाठीच लागला होता. कुणाला कळणारही नाही, हे तो सगळ्या जगाला ओरडून सांगत होता.

"न-वं..." कानाशी कोवळा आवाज आला. इवली उठली होती. केसांचं घरटं, गालावर उशीची घडी. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं, आणि त्यामुळे घरातल्या कुणाचीच धडगत नव्हती. साबणाच्या वेष्टनापासून औषधाच्या बाटलीपर्यंत दिसेल ते ती खणखणीत आवाजात वाचायची. फक्त जोडाक्षरं अजून शिकवली नव्हती. 'तोवर जोडाक्षर आलं की त्या शब्दावरून उडी मारायची' असं बाईंनी सांगितलं होतं, आणि इवली बाईंची आज्ञा मोडत नसे.

"न-वं का-ना-त-लं..." मग 'यंत्र' आलं. इवलीने उडी मारली. "कु-णा-ला दि-स-णा-र-ही ना-ही!"

"कानातलं?" माई हात पुसत बाहेर आल्या. "आणि दिसणार नाही? मग घालायचं कशाला मेलं? ज्याला नसेल त्याने घातलंय म्हणून सांगायचं?"

"आजोबापण हेच बघत होते काल सकाळी," इवली म्हणाली. "खूप वेळ. मी गेले तर पटकन बंद केलं. आणि मला गोळी दिली. आणि म्हणाले, आजीला सांगू नकोस हं."

"मग सांगितलंस की!"

"मी आईला सांगतेय. तू ऐकू नकोस."

माई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. त्यांच्या एका कानातल्याची फिरकी कधीची हरवली होती, आणि तेव्हापासून ती जोडी कपाटात पडून होती. एवढे स्क्रू आणि नट घेऊन बसता, एक फिरकी बसवून द्या, असं त्यांनी अप्पांना किती वेळा म्हटलं असेल.

"म्हणजे..." माई हळूच म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर असं काही उमललं की सुनेला नजर वळवावीशी वाटली. "म्हणजे माझं ऐकलं होतं म्हणायचं ह्यांनी."

हे सगळं अप्पांच्या पाठीमागे, पुरेशा मोठ्या आवाजात चाललेलं. अप्पा तळहात मशीनवर ठेवून खिडकीबाहेर बघत होते.

सुनेने अप्पांच्या पाठीकडे बघितलं. मग ओट्यावरच्या झाकणाकडे. मग पडद्यावरच्या हसणाऱ्या म्हाताऱ्याकडे. आणि माईंनी चष्मा लावून पुढे यायच्या आत तिने पान बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी इवली शाळेत असताना तिने गच्चीवर जाऊन धाकट्या भावाला फोन लावला. तो संगणकातला माणूस.

"ताई? ह्या वेळी? कुणी आजारी आहे का?"

"कुणी नाही. एक सांग. जाहिराती येऊ नयेत, आणि आपण काय बघतो त्याच्या मागावर कुणी राहू नये, असा ब्राउझर कुठला?"

"अरे बापरे. भावजींपासून काय लपवतेस?"

"गप रे. माझं काही नाही. दुसऱ्या कुणाचं तरी लपवायचंय."

"ही तर आणखी वाईट बातमी." मग तो हसायचा थांबला. "बरं, ऐक. शाळेत आपण एकमेकांच्या पाठीला चिठ्ठ्या चिकटवायचो, आठवतं? तसंच आहे हे. तू एखाद्या दुकानात डोकावलीस की तुझ्या पाठीला चिठ्ठी लागते, 'बाई पंखा बघत होत्या'. पुढचा दुकानदार ती वाचतो आणि पंखा घेऊन तुझ्यामागे पळत सुटतो. तुला सोडून सगळ्यांना ती वाचता येते. आणि तुमच्या घरात तर सगळे तुझ्याच नावाने सगळं उघडतात. म्हणजे सगळ्यांची मिळून पाठ एकच. चिठ्ठी एकाला लावली की सगळ्यांच्या पाठीवर."

"मग ती काळी खिडकी असते ना, खाजगी? तीच उघडायला सांगितली तर?"

"ती बंद केली की चिठ्ठ्या गळून पडतात, आणि तू कुठे गेली होतीस ते घरच्यांना सापडत नाही. पण उघडी असेपर्यंत लावणारे लावतातच. आणि माणसं ती उघडायला विसरतात. तू आधी मला हे सांग, दुकानदारांपासून लपायचंय की घरच्यांपासून?"

असा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं.

"दोघांपासून," ती म्हणाली. "पण घरच्यांपासून थोडेच दिवस. त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने सांगता यायला हवं, एवढंच. त्याच्याआधी संगणकाने सांगून टाकायला नको."

लहानपणी आपला गणितातला भोपळा ताईने घरी आठवडाभर कसा झाकून ठेवला होता, ते भावाला आठवलं असावं.

"मग तीन ब्राउझर आहेत, तिघांच्या चिन्हावर एकेक जनावर," तो म्हणाला. "कोल्हा घे, त्याला जाहिराती अडवणारं एक एक्स्टेंशन जोड, की झकास राखण करतो. सिंह घे, त्याला शिकवावं लागत नाही, अडवणं जन्मजात. नाहीतर बदक. त्याला एक ज्वाळेचं बटण आहे. ते दाबलं की कुठे गेलो, काय बघितलं, सगळं जळून जातं. आणि ताई, हा पडदा आहे, भिंत नव्हे. आपणच दुकानात जाऊन नाव-नंबर देऊन आलो, तर बिचारा कोल्हा काय करणार?"

तिने तिन्ही जनावरं घरी आणली. परीक्षक म्हणून इवली मांडीवर होतीच.

सिंह जरा जास्तच तापट निघाला. जाहिराती त्याने उभ्या केल्या नाहीत, पण इवलीच्या शाळेचं पानही दारातूनच परत पाठवलं. त्याची समजूत घालून, शाळेपुरता पहारा उठवून ते उघडावं लागलं. इवलीने निकाल दिला, "हा रागीट आहे." कोल्हा मात्र मायाळू. राखणदार जोडल्यावर पानं अशी स्वच्छ दिसू लागली, की कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून दिली असावीत. कॉलरच्या शेजारी नुसती पांढरी जागा. चांदीच्या केसांचा म्हातारा नाही, कुणी नाही. मग कोल्ह्यातच तिने घरातल्या प्रत्येकाला वेगळं दार करून दिलं, नाव वेगळं, रंग वेगळा. नवऱ्याचं निळं, माईंचं जांभळं. आता कुणाची चिठ्ठी कुणाच्या पाठीला लागणार नव्हती.

आणि बदक? ज्वाळेचं बटण दाबलं की पडद्यावर खरोखर ज्वाळा उठायच्या. इवलीने ते इतक्या वेळा दाबलं की बदकाकडे जाळायला काही उरलं नाही.

"हे मला!"

"हे अप्पाआजोबांना," आई म्हणाली.

"का? ते काय जाळणार?"

"त्यांचं ते बघतील."

अडचण आली ती माईंची. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं केलं, "काय गं, ती कानातल्याची जाहिरात दिसत नाही हल्ली?"

"बंद झाल्या, माई, जाहिराती."

"बंद झाल्या?" माईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे घेतलं वाटतं!"

तेव्हापासून अप्पांच्या ताटात पहिलं गरमगरम पडू लागलं. त्यांच्या सदऱ्याची बटणं सांगावी न लागता लावली जाऊ लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला माई आता सांगत, "बोलत नाहीत, पण मनात असतं हो त्यांच्या." सुनेला हे सगळं दिसत होतं. एकाचं झाकायला गेली, आणि दुसरीची आशा दिवसेंदिवस फुगत चालली. आता अप्पांना लवकर बोलतं करायला हवं होतं, आणि तेही न विचारता.

एका सकाळी माई बाहेर गेल्याचं बघून ती अप्पांच्या समोर जाऊन बसली. मागून नाही, बाजूने नाही, समोर. आणि तिच्या लक्षात आलं की अप्पा तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघतात. कधीपासून बघत होते कोण जाणे.

"अप्पा, संगणकावर तुमच्यासाठी एक वेगळा ब्राउझर घातलाय. हे बदक. त्यात तुम्ही जे बघाल ते दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. झालं बघून, की ही ज्वाळा दाबायची. या कानाची खबर त्या कानाला नाही."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. कानच का आठवावा नेमका?

अप्पांनी पेचकस फडक्याने पुसला. मग पुन्हा पुसला. "मी कुठे काय बघतो? मशीनचे सुटे भाग बघतो कधीतरी."

"हो ना. सुटे भागच."

"सुट्या भागांत काय लपवायचं असतं?"

"काही नाही. पण आपलं काम अर्धवट असताना कुणी डोकावलेलं मला तरी आवडत नाही. अर्धी बाही बघून लोक म्हणतात, हे काय?"

अप्पा हसले. मशीनवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "एक सुटा भाग आहे खरा, सूनबाई. लहानसाच. बसवला तर बाई परत नीट बोलते, असं लिहिलंय."

"कुठल्या मशीनला बसवायचाय?"

"जुनं मॉडेल आहे."

"मग आधी तपासून घेऊ ना. परस्पर मागवायचा आणि बसायचा नाही, असं नको. मी येते बरोबर."

अप्पांनी मान डोलावली. आणि एकदा झाकण उघडलं म्हटल्यावर आतलं बाहेर यायला वेळ लागला नाही. "बायांचे आवाज येईनासे झालेत गं. हाताने ओळखतो. हात शिकला बिचारा. पण गिऱ्हाईक काय म्हणेल? ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्याकडे कोण मशीन आणील?" मग ते थांबले. "आणि तुझ्या सासूला कळलं, तर ती माझ्याशी ओरडून बोलायला लागेल."

"आत्ताही काही हळू बोलत नाहीत त्या."

"ते सगळ्यांसाठी असतं," अप्पा म्हणाले. "मोठ्याने बोलते ते आल्यागेल्यासाठी. माझ्यासाठी म्हणून जे असतं ना, ते ती हळू बोलते. पाठ करून, भांडी लावता लावता. तेच ऐकू येत नाही आता. एकदा का ती ओरडून बोलायला लागली, की ते हळू बोलणं गेलंच म्हणायचं."

सून उठली आणि उगाचच त्यांच्यापुढचं तेलाचं भांडं सरळ करून ठेवलं.

"तिला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तुम्हीच सांगाल."

कान तपासायच्या ठिकाणी काचेची एक बंद खोली होती. अप्पा आत बसले, कानांवर मोठाले गोळे, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेरची तपासणारी मुलगी एकेक सूर सोडत होती, आणि अप्पा परीक्षेला बसल्यासारखे ताठ होऊन वाट बघत होते. मुलीने सूर सोडला. अप्पा वाट बघत राहिले. आणखी एक सोडला. अप्पा वाट बघतच राहिले. काचेपलीकडच्या त्या शांत, आशेने भरलेल्या चेहऱ्याकडे बघताना सुनेला आपली सगळी वाक्यं आठवली. अप्पा, जेवायला चला, ऐकत नाहीत. अप्पा, दिवा लावा, ऐकत नाहीत. कुणी हाक मारली, कुणी चिडलं, आणि हे आपले असेच बसलेले, एखादा सूर येईल म्हणून.

पुढच्या खेपेला यंत्रं कानात बसली. अप्पांनी सावकाश हात हलवला आणि दचकले.

"हा कसला आवाज?"

"तुमच्या सदऱ्याचा, आजोबा. बाही घासली," ती मुलगी म्हणाली.

"सदऱ्याला आवाज असतो?" अप्पांनी सुनेकडे बघितलं. मग मुद्दाम पुन्हा बाही घासली. रस्ताभर ते मधूनमधून बाही घासत होते.

त्या संध्याकाळी सगळे घरी असताना अप्पांनी चहाच्या टेबलावर एक छोटी डबी ठेवली. यंत्रं काढून परत तिच्यात ठेवली होती त्यांनी. लावून समोर जायचं आणि मग सांगायचं, हे त्यांना बरं वाटेना. माईंच्या नकळत त्यांच्या सुनेने टेबलाची कड धरून ठेवली.

"हे आणलंय," अप्पा म्हणाले. "तुला दाखवायचं होतं."

"काही गरज नव्हती हो," माई म्हणाल्या, आणि डबी अशी उघडली की ती गरज त्यांना फार दिवसांपासून होती हे कुणालाही कळावं. आत कातडीच्या रंगाच्या दोन चिमुकल्या वस्तू होत्या. माईंनी एक उचलली. कानाच्या पाळीला लावून बघितली. उलटी केली, परत लावली.

"ह्याची फिरकी कुठाय?"

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात इवलीने डबीचं झाकण ओढून घेतलं होतं.

"का-ना-त-लं..." ती थांबली. या वेळी उडी मारली नाही. ओठ हलले, भुवया जुळल्या. "यं... त्र. यंत्र! आई, त ला र जोडला की त्र! आजच शिकवलं बाईंनी! कानातलं यंत्र!"

माईंनी हातातल्या वस्तूकडे बघितलं. मग अप्पांकडे.

"हे माझं नाही?"

अप्पांना ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता आले. "माझं आहे," ते म्हणाले. "कान गेलेत माझे."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"म्हणजे मी ती फिरकी बसवून द्या म्हणत होते, तेव्हा..."

"कसली फिरकी?"

माईंनी तोंडावर हात ठेवला. मग उठल्या, टेबलाला वळसा घालून अप्पांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "घाला बघू. कसं घालतात ते." अप्पांनी दोन्ही यंत्रं घातली. सुईत दोरा ओवावा तशी नेमकी.

"आणि मी जगाला सांगत सुटले, माझं ऐकत नाहीत म्हणून," माई म्हणाल्या.

"ते काही खोटं नव्हतं," अप्पा म्हणाले. "ऐकू येत नव्हतं म्हणून ऐकत नव्हतो."

"आणि आता?"

"आता ऐकू येईल. ऐकेन की नाही, ते बघू."

माई हसल्या, आणि हसताना डोळे पुसावे लागले. मग त्या वाकल्या आणि अप्पांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. इतक्या हळू की इवलीने कान टवकारले तरी तिला काही मिळालं नाही. अप्पांना मात्र मिळालं. त्यांचे कान, यंत्रांसकट, लाल झाले.

त्यानंतरचे दिवस घराला कठीण गेले. अप्पांना सगळं ऐकू येऊ लागलं. पंखा कुरकुरतोय, नळ ठिबकतोय, कपाट किरकिरतंय, आणि हे इतके दिवस कुणाला ऐकू कसं आलं नाही! मशीनच्या तेलाचं भांडं घेऊन ते घरभर फिरले. एक बिजागरी सोडली नाही. "आता माझ्या तोंडाला तेल घालायचं तेवढं राहिलंय," माई म्हणाल्या, आणि अप्पा तिसऱ्या दारामागून ओरडले, "ऐकू आलं!"

एका दुपारी इवलीची आई बाही आखायला बसणार, तो अप्पा आधीच संगणकापाशी. बदक उघडलेलं. तिला बघून त्यांनी पडद्यापुढे तळहात धरला. पण अप्पांचा हात तो, केवढासा झाकणार. बोटांच्या फटीतून काहीतरी चमकलं. ह्या कानातल्याला फिरकी होती.

"सूनबाई, ते ज्वाळेचं बटण कुठलं म्हणालीस?"

तिने मान दुसरीकडे वळवून बोटाने दाखवलं. मग ती ओट्यापाशी गेली आणि डब्यांची झाकणं, एकेक करून, नीट बसवू लागली. मागे ज्वाळा उठल्या असाव्यात, कारण अप्पा समाधानाने खाकरले.

इवली ओट्यावर पाय हलवत बसली होती. बराच वेळ गप्प होती, म्हणजे काहीतरी शिजत असणार.

"आई," ती म्हणाली, "आजोबांना ऐकू येत नाही, हे त्या जाहिरातीला माहीत होतं ना?"

"हो गं."

"पण तिने तर आजोबांना कधी बघितलंपण नाही. आणि आपण रोज त्यांच्या शेजारी बसून जेवतो." पाय हलायचे थांबले. "मग आपल्याला कसं नाही कळलं?"